एक खोटा पाच-नऊ

माझ्या हातच्या चहाला ओएमनी कधी चार-सातच्या वर जाऊ दिले नाही. माझ्याकडे येणारी इतर माणसे चहा घेतात आणि छान झाला म्हणतात. ओएम पहिला घोट घेऊन डोळे मिटत, कुठल्याशा दूरच्या, क्षीण स्टेशनाकडे कान लावावा तसे क्षणभर थांबत, आणि मग आकडा जाहीर करत. त्यांच्या पुतणीच्या लग्नात मठ्ठ्याला पाच-नऊ आणि जिलबीला तीन-चार मिळाले होते. आचाऱ्याने त्याचा अर्थ विचारला तेव्हा तो त्यांनी त्याला उभे करून सविस्तर समजावून दिला. आचारी त्यानंतर पंगतीत फिरकला नाही.

अर्थ असा. हौशी रेडिओ चालवणारी माणसे, ज्यांना हॅम म्हणतात ती, एकमेकांशी बोलताना समोरच्याचा आवाज कसा पोचतो आहे ते दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा बोलणे किती कळते याचा, पाचापैकी. दुसरा आवाजाच्या जोराचा, नवापैकी. पाच-नऊ म्हणजे शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखे. याला आमच्यात रिपोर्ट म्हणतात, आणि रिपोर्टाबाबत एक जुनी सभ्यता रूढ आहे, ती म्हणजे सरसकट सगळ्यांना पाच-नऊ द्यायचे. ‘तुमचा रिपोर्ट पाच-नऊ, कृपया नाव पुन्हा सांगा, कळले नाही’ हे वाक्य मी स्वतः ऐकलेले आहे.

ओएमनी ही सभ्यता आयुष्यभर पाळली नाही. रिपोर्ट ही काही लग्नातली भेटवस्तू नव्हे, असे ते म्हणत. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी बराच खर्च करून नवी अँटेना उभारली आणि मोठ्या हौसेने रिपोर्ट विचारला. ओएमनी तीन-तीन दिला आणि जुनी तार बरी होती असेही सांगितले. त्या गृहस्थांनी बोलणे टाकले. पुढे पावसाळ्यानंतर त्यांच्या अँटेनाच्या जोडात पाणी शिरल्याचे निघाले, तेव्हा ते पुन्हा बोलू लागले. पण ओएमना त्यात विजय वगैरे काही वाटला नाही. जे आले ते सांगितले, एवढेच त्यांचे म्हणणे.

ओएम हे त्यांचे नाव नव्हे. रेडिओवर प्रत्येक पुरुषाला, तो कॉलेजात शिकत असला तरी, ‘ओल्ड मॅन’ म्हणजे ओएम म्हणतात, आणि प्रत्येक बाईला, ती संस्कृतची निवृत्त प्राध्यापिका असली तरी, ‘यंग लेडी’ म्हणजे वायएल. या दुसऱ्या प्रकारची मी आमच्या जिल्ह्यात बहुधा एकटीच असल्याने मला त्या संबोधनाची अजून सवय झालेली नाही. ओएम मात्र रत्नागिरीत एकच. मिरकरवाड्यात मासळी विकणाऱ्या बायकाही त्यांना ओमकाका म्हणत. बांगड्याला चार-पाच दिल्यावर त्यांतल्या एकीने त्यांना सुनावले होते, “काका, आकडा मागनं सांगा. घेताव किती ते बोला आधी.”

ते गेले त्याला आता एक पावसाळा झाला. सकाळच्या नेटवर त्यांचा विषय निघतो तेव्हा मंडळी त्यांच्या खरेपणाच्या गोष्टी सांगतात. मला त्यांचा एक खोटा रिपोर्ट ठाऊक आहे, आणि तो त्यांनी मला दिलेला होता. त्याबद्दल लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण तो वगळून त्यांचे चित्र काढणे म्हणजे त्यांना सरसकट पाच-नऊ देण्यासारखे होईल, असे शेवटी वाटले.

त्यांच्या आणि माझ्या घरांच्या मधून एक पाखाडी जाते, चिऱ्याच्या पायऱ्यांची, दोन्ही अंगांना दगड रचून केलेले गडगे असलेली. समोरून डोक्यावर ओझे घेऊन कोणी आले तर दुसऱ्याने गडग्याला चिकटून उभे राहावे लागते, एवढी अरुंद. ओएमचा रेडिओसेट पडवीत होता आणि त्याची तार आंब्यापासून माडापर्यंत ताणलेली होती. माडावर चढणाऱ्याला तार लागू नये म्हणून सकाळी नेट संपल्याखेरीज नारळ काढायला परवानगी नसे. नेट म्हणजे आमची रोजची सकाळची हजेरी. ठरलेल्या लहरीवर सगळी स्टेशने जमतात आणि नेट चालवणारा एकेकाला क्रमाने बोलावतो. ही सूत्रे अनेक वर्षे ओएमकडे होती. इतर ठिकाणची नेटे इंग्रजीतल्या ठरावीक घोषणेने सुरू होतात. ओएम पडवीतल्या खुर्चीत बसून, जिना चढून आलेल्या पाहुण्याच्या सुरात एवढेच विचारत, “ऐकू येतं का?” मग थांबत. मग जिल्ह्याच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून उत्तरे येऊ लागत.

त्यांच्या पत्नीला, काकूंना, या सगळ्याचे काडीचे कौतुक नव्हते. उमेदीची वर्षे अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीत गेली तेव्हा तिथेही तारच होती, असे त्या सांगत. शिवाय त्यांचा एक ठेवणीतला विनोद होता. “ह्यांना मॉस्कोतला माणूस शिंकलेला ऐकू येतो,” त्या म्हणत, “स्वयंपाकघरातून मारलेली हाक तेवढी येत नाही.” आम्ही सगळे त्यावर हसत असू. ओएमही हसत, पण जरा उशिरा.

मी या प्रकारात शिरले ते एका वादळामुळे. गुहागरला माझे माहेर. पोफळीची वाडी आणि तिच्यात आई एकटी. वादळाने फोन बंद पडले, रस्त्यावर झाडे आडवी झाली. शेजारी असूनही तोवर ज्यांच्याशी मी हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते त्या ओएमच्या पडवीत मी जाऊन उभी राहिले, आणि गुहागरला आई आहे एवढेच म्हणाले. त्यांनी आईचे नाव आणि आळी विचारली. गुहागरच्या एका शिक्षकाकडे बॅटरीवर चालणारा सेट होता. दुपारपर्यंत उत्तर आले. ओएमनी ते जसेच्या तसे वाचून दाखवले: आई सुखरूप, पोफळी बऱ्याच पडल्या, पुढच्या दाराची कौले गेली, आणि तू जेवलीस का.

“शेवटचा प्रश्न आहे,” ते म्हणाले. “उत्तर गेल्याशिवाय संदेश पुरा होत नाही. काय कळवू?”

मी जेवले नव्हते. मी म्हटले, जेवले म्हणून सांगा, उगाच काळजी करील. त्यांनी जेवली नाही असेच कळवले आणि काकूंना हाक मारून पान वाढायला सांगितले. मग गुहागरला आणखी एक संदेश गेला, की आता जेवते आहे.

त्या अनुभवानंतर मी अभ्यास केला, परीक्षा दिली, परवानाही मिळाला. अडचण पुढेच होती. वर्गात मी वर्षानुवर्षे बोलले; पण ती व्याख्याने लिहून काढलेली असत. मायक्रोफोनचे बटण दाबले की आपले बोलणे न जाणो कोण कोण ऐकत असेल या विचाराने माझ्या तोंडाला कोरड पडे. ओएमनी मला धीर वगैरे दिला नाही. ते म्हणाले, “घाबरण्याला बँडविड्थ लागत नाही, बाई. घाबरत घाबरत बोला.” मला तेही जमले नाही.

जमले ते निराळेच. संगणकाच्या साहाय्याने संदेश पाठवण्याच्या ज्या नव्या डिजिटल पद्धती आहेत, त्यांपैकी एफटी-आठ नावाची एक मी शिकून घेतली. हिच्यात बोलायचे नसते. संगणक पाव-पाव मिनिटाच्या पाळीने बारीक सूर पाठवतो आणि कानाला जाणवणारही नाहीत असे क्षीण संदेश पडद्यावर उमटवतो. समोरचा कसा पोचला याचा आकडाही तोच लावतो, बहुधा उण्यातला. मी तोंड न उघडता जपान आणि ब्राझीलपर्यंत जाऊन आले. माझ्या स्वभावाच्या माणसासाठीच कोणीतरी हे घडवले असावे असे मला वाटे.

ओएमना ते मुळीच मंजूर नव्हते. “दोन संगणकांचं लग्न लागतं,” ते म्हणत, “आणि तुम्ही मांडवाबाहेर अक्षता घेऊन उभ्या. नवरा कोण, नवरी कोण, पत्ता नाही.” माणसाचा आवाज नाही तिथे माणूस नाही, हे त्यांचे मत त्यांनी नेटवर, समारंभांत आणि एकदा पोस्टाच्या रांगेतही मांडले होते. एक गोष्ट मात्र ते मान्य करत. “खोटं बोलत नाही तुमचा तो. उणे सतरा म्हणजे उणे सतरा. त्या बाबतीत पाच-नऊ वाटत फिरणाऱ्यांपेक्षा बरा.”

मग आमच्या मंडळात तो वाद झाला.

हौशी लोकांच्या वाट्याला आलेला रेडिओलहरींचा पट्टा फार अरुंद असतो आणि त्यात सगळ्यांना राहायचे असते. आमच्या नेटच्या आसपास करकर ऐकू येऊ लागली होती आणि लोक वैतागले होते. तिचे मूळ चिपळूणच्या एका अभियंत्याकडे होते. आणीबाणीत उपयोगी पडावे म्हणून त्यांनी रेडिओवरून ईमेल पाठवणारे एक स्वयंचलित स्टेशन उभारले होते. ते वेळ झाली की आपले आपण सुरू होई. पण डिजिटल म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मीही येत असे. पावसच्या एका बागायतदारांनी प्रस्ताव मांडला, की आपल्या नेटच्या परिसरात डिजिटल नकोच. नियम करावा, सगळ्यांनी पाळावा, आणि परवाना देणाऱ्या कार्यालयालाही तसेच कळवावे.

एका शाळेच्या वर्गात सभा भरली होती. मी शेवटच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. प्रस्ताव मंजूर झाला असता तर या मंडळींत मला जागा उरली नसती, कारण बोलणे मला येत नव्हते आणि न बोलता राहण्याची ही एकच वाट होती. हे उठून सांगावे असे मनात आले. पण उठून सांगता आले असते तर ते सांगण्याची गरजच पडली नसती. ओएम प्रस्तावाला अनुमोदन देणार हे सगळे धरून चालले होते. ते उठले, फळ्यापाशी गेले आणि खडूने दोन उभ्या रेघा ओढल्या.

ही आमची पाखाडी, ते म्हणाले. मग त्या दोन रेघांच्या मध्ये त्यांनी हाताच्या पंजाएवढा पट्टा भरून काढला. हा माझा आवाज. शेजारी तेवढाच दुसरा पट्टा, ते चिपळूणचे ईमेल. आणि त्यांच्या बाजूला खडूच्या टोकाने एक बारीक रेघ. त्या बाई, ते म्हणाले. माझ्या एका आवाजाच्या जागेत अशा पन्नासएक बाई मावतील.

वर्गात हशा झाला. बागायतदार चिडले होते. “ओएम, तुम्ही आमचे की त्यांचे?” त्यांनी विचारले.

“मी रुंदीचा,” ओएम म्हणाले. “पाखाडीवरून कोण काय नेतो ते विचारायचं नसतं. गवताचा भारा असेल तर त्यानं बेतानं यावं, काठी असेल तर जाऊ द्यावं. ह्यांच्या हातात काठी आहे. भारा माझ्या डोक्यावर आहे.”

“त्या काठीत जीव नाही असं इतके दिवस तुम्हीच सांगत होतात ना?”

“अजूनही सांगतो. जीव नाही. पण रुंदीही नाही. मला आवडत नाही म्हणून नियम करायचा, तर उद्या जिलबीवरही करावा लागेल.”

चिपळूणचे अभियंता हुशार होते. त्यांनी म्हटले, रुंदीच मोजायची तर माझे ईमेल आणि तुमचा आवाज सारखेच भरतात. मग माझेही चालू राहू दे. ओएमनी ते ताबडतोब कबूल केले आणि म्हणाले की मग दुसरे कलम घाला. यंत्र आपले आपण सुरू होते तेव्हा जागा मोकळी आहे का ते ऐकत नाही, दुसऱ्याच्या बोलण्यावर चढते. तेव्हा ज्याला ऐकू येत नाही त्याने बोलू नये. खुर्चीत माणूस हवा, आणि त्याने आधी ऐकायला हवे.

“आणि खुर्चीत माणूस असून ऐकू येत नसेल तर?” अभियंत्यांनी सहज, गमतीने विचारले.

“तर त्यानं उठावं,” ओएम म्हणाले.

दोन्ही कलमे एकमताने मान्य झाली. भाषा नीट करण्याचे काम माझ्याकडे आले. परतताना पाखाडीवर मी त्यांचे आभार मानण्याचा प्रयत्न केला. ते म्हणाले की त्यांनी माझ्यासाठी काहीही केलेले नाही, आणि एफटी-आठ हा मूर्खपणाच आहे.

कदाचित त्यामुळेच असेल, मी बोलायला लागले. फार नाही, हजेरीत माझी पाळी आली की आपले स्टेशन, हवा आणि नमस्कार, एवढी दोन वाक्ये. ती मी आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवत असे. ओएम मला त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने रिपोर्ट देत: जोर नऊ, कारण आमच्यात फक्त एक पाखाडी होती, पण कळणे चार. “शब्दांची शेवटं खाता,” ते म्हणत. माझ्या चहासारखेच, पाच मला कधी मिळाले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात मी आईकडे गुहागरला काही दिवस राहायला गेले. लहान सेट बरोबर होता. एक तार खिडकीतून काढून पोफळीला बांधली आणि सकाळी नेटवर हजर झाले. माझी पाळी आली. मी माझी दोन वाक्ये म्हटली. ओएमचा आवाज स्वच्छ आला, “गुहागर, पाच-नऊ. पुढचं स्टेशन, चिपळूण.”

मला इतका आनंद झाला की पुढचे काही क्षण मी ऐकलेच नसावे. मग चिपळूणचे अभियंता बोलत आहेत हे लक्षात आले. ते म्हणत होते, “वायएल, काहीतरी बिघडलंय तुमच्याकडे. तुम्ही आहात एवढं कळलं, बाकी काही नाही. फार तर दोन-एक.”

मग ओएमनी पुढच्या स्टेशनाला बोलावले आणि हजेरी नेहमीप्रमाणे पार पडली. मी छत्री घेऊन मागच्या अंगणात गेले. तारेची गाठ निसटली होती आणि सगळी तार जास्वंदीच्या कुंपणावर ओल्यात पडलेली होती. अशा तारेवरून रत्नागिरीला पाच-नऊ पोचणे कोणालाही शक्य नव्हते. मी तिथेच दगडी पायरीवर बसले. आई दारातून ओरडून विचारत होती की भिजतेस कशाला. मला त्या वेळी काकूंचा तो मॉस्कोचा विनोद आठवत होता.

घरी परतल्यावर त्यांच्याकडे जायचे मी टाळत होते. काय बोलायचे ते सुचत नव्हते, आणि न बोलता बसणे हा खोटेपणा झाला असता. शेवटी काकूंनीच गडग्यावरून हाक मारली. “ये गो. सेटवर टॉवेल टाकून बसलेत. जेवताना बोलत नाहीत, भांडतही नाहीत. असं किती दिवस चालायचं?”

ओएम पडवीत खुर्चीत होते. मी समोर बसले. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहत विचारले,

“तार पडली होती ना?”

“हो.”

“चिपळूणला कितीनं पोचलात?”

“दोन-एक.” मी हे जरा मोठ्याने म्हटले, आणि म्हटल्यावर ते मोठ्याने म्हटले याचे वाईट वाटले.

“मला काही आलं नाही,” ते म्हणाले. “पाळी तुमची होती. तुमच्या दोन वाक्यांना लागतो तेवढा वेळ गेला. म्हणजे बोलून झालात असं धरलं.”

मग त्यांनी सगळे सांगितले, एखाद्या सेटमधला बिघाड समजावून द्यावा तसे. बरेच दिवस ते नेट पाठांतरावर चालवत होते. क्रम ठरलेला, माणसे ठरलेली. पावस मोहोराबद्दल बोलणार, चिपळूण बॅटरीबद्दल, मी हवेबद्दल. जोराचा आकडा सेटवरची सुई दाखवते, तो खरा असे. कळण्याचा आकडा ते कानाला लागेल तेवढ्यावरून आणि माणसाच्या सवयीवरून देत. तोही बहुतेक बरोबर निघे.

“त्या दिवशी सुई हललीच नाही,” ते म्हणाले. “आलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून पाच-नऊ गेलं. का गेलं ते मला माहीत नाही.”

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ओएमपुढे ठेवला.

“ऐकू येत नसेल तर उठावं, असं आपणच ठरवलंय,” ओएम म्हणाले. “उद्यापासून नेट तुम्ही घ्यायचं.”

मी म्हटले, मला जमणार नाही. दोन वाक्ये लिहून आणणारी बाई मी. तासभर सगळ्यांना सांभाळणे माझ्याच्याने होणार नाही. नाना तऱ्हेने सांगितले. त्यांना त्यातले किती ऐकू आले कोण जाणे. मी थांबल्यावर ते म्हणाले, “मला काही ऐकू येणार नाही. तेव्हा चुकलात तरी चालेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टॉवेल काढला आणि शेवटचे नेट उघडले. नेहमीचा प्रश्न मात्र त्या दिवशी विचारला नाही. ते म्हणाले, “गुहागरला दिलेला पाच-नऊ मागे घेतो. ऐकू आलं नव्हतं. आता नेट वायएल घेतील.” आणि सेट बंद केला. मी माझ्या घरी बटण दाबून बसले होते. कागदावर काहीच लिहिलेले नव्हते. बराच वेळ नुसती खरखर पाठवल्यावर मी पावसला बोलावले. बागायतदार म्हणाले, “पावस हजर. सावकाश घ्या, बाई. आज आंब्याबद्दल काही बोलत नाही.”

काकूंनी हट्ट करून त्यांना श्रवणयंत्र आणून दिले. घरात त्याचा उपयोग झाला. रेडिओवर झाला नाही. नेटवरून उठल्यावरही त्यांनी चाचणी म्हणून एकदा सेटचे बटण दाबून पाहिले, तर तारेतून जाणाऱ्या लहरी श्रवणयंत्रातच शिरल्या आणि कानात तडतड झाली. “फोडणी आता कानातच बसते त्यांच्या,” काकू म्हणाल्या. विनोद चांगला होता, पण त्यांनाही तो सांगताना हसू आले नाही.

ओएम सकाळी मिरकरवाड्याला जाऊन येत, दुपारी टॉवेल टाकलेल्या सेटसमोर वर्तमानपत्र वाचत. आमचे बोलणे होई. पण एक दिवस ते माझ्याकडे आले, मी चहा केला, त्यांनी तो घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “छान झाला.”

त्या दिवशी मी माझा जुना लॅपटॉप आणि जोडणीची केबल घेऊन त्यांच्या पडवीत गेले. माझ्या हातून आजवर झालेला हा एकच आगाऊपणा. त्यांनी पाहताच मान हलवली.

“हे ऐकणं नव्हे.”

“कानाला येत नाही ते ह्यावर दिसतं,” मी म्हटले. “आधी बघायचं कोण बोलतंय, जागा मोकळी कुठे आहे. मगच पाठवायचं. खुर्चीत माणूस आहे, आणि तो आधी ऐकतो आहे. दोन्ही कलमं पाळली जातात.”

“भाष्य करताय तुम्ही. सूत्रात हे नाही.”

“सूत्र तुमचंच आहे.”

“म्हणूनच सांगतो, नाही. आणि मांडवाबाहेर अक्षता घेऊन मी उभा राहणार नाही.”

मी वाद घातला नाही. त्यापुढे मला घालताही आला नसता. पण सगळे जोडून होईपर्यंत उठले नाही, आणि उठताना लॅपटॉप उचलला नाही. तुमचे राहिले आहे, असे त्यांनी दोनदा सांगितले. ऐकू येत नाही असे दाखवणे मला पहिल्यांदाच जमले. काकू म्हणाल्या, “राहू दे गो. त्याच्यावरही एक टॉवेल टाकीन.”

पावसाळा संपला. दिवाळीनंतर सुपारी उतरवायला सुरुवात झाली तेव्हा मी पुन्हा गुहागरला होते. तार या वेळी दोन गाठी मारून बांधली होती. दुपारी आई झोपली की मी थोडा वेळ पडद्यासमोर बसे. एके दिवशी नेहमीच्या जपानी आणि रशियन ओळींच्या खाली एक ओळ उमटली, आणि तिच्यात माझ्या स्टेशनाचे नाव होते. हाक मारणारे स्टेशन ओएमचे होते.

मला वाटले, काकूंनी चुकून काही दाबले. या पद्धतीत स्वतःच्या शब्दांत काही सांगायचे तर एका वेळी रोमन लिपीतल्या तेरा खुणा मिळतात, मोकळी जागा धरून. ज्या माणसाने पोस्टाच्या रांगेत भाषण दिले होते त्याला ही जागा कशी पुरणार, असा विचार माझ्या मनात येतो न येतो तोच पुढच्या पाळीला दुसरी ओळ उमटली. तिच्यात एवढेच होते: ऐकू येते का?

माझ्या संगणकाने त्या ओळीसमोर आकडा लावला होता. उणे एकोणीस. त्यांची तार माझ्यापेक्षा उंच, सेट माझ्यापेक्षा मोठा. तिथून इतके क्षीण यायला नको होते. महिनोन् महिने न वापरलेल्या तारेच्या जोडात पाणी शिरले असणार. मी उणे एकोणीस पाठवले. पुढच्या पाळीला, तेरा खुणांत बसेल असे, आणखी एक पाठवले: जोड तपासा.

त्यावर उत्तर आले नाही.

मी रत्नागिरीला परतले तेव्हा त्यांच्या माडाला शिडी लावलेली होती आणि खाली उभ्या असलेल्या काकू वर चढलेल्या गड्याला सांगत होत्या की नारळाला हात लावू नको, ह्यांची तार बघ फक्त. संध्याकाळी ओएम माझ्याकडे आले. एफटी-आठ हा अजूनही मूर्खपणाच आहे, हे त्यांनी बसायच्या आधी स्पष्ट केले. मी चहा ठेवला. त्यांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

“चार-सहा,” ते म्हणाले. “आलं कमी आहे.”